मॉल बांधणाऱ्यांचं रॉकेट

सीवूड्सला लोकल थांबते ती थेट एका मॉलच्या पोटात. फलाटांच्या डोक्यावर बाजार आणि कार्यालयं रचण्याचं हे काम लार्सन अँड टुब्रोचं. त्याच कंपनीच्या पवईच्या कारखान्यातून नोव्हेंबर 2020मध्ये ‘गगनयान’ या मानवी अवकाशमोहिमेच्या बूस्टरचा एक भाग रवाना झाला. व्यास 3.2 मीटर, लांबी साडेआठ मीटर, वजन साडेपाच टन. मॉल सगळ्यांना ठाऊक आहे, हे नळकांडं फारसं कुणाला नाही.

नळकांडं म्हणणंही अन्यायाचंच. अशा घन इंधनाच्या रॉकेटात टाकी आणि भट्टी एकच असते. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 139 टन रबरासारखं घट्ट इंधन भरतात. ते पेटलं की आतला दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपटीवर जातो. कवच जाड केलं तर रॉकेट आपलंच वजन वाहत बसणार, पातळ केलं तर फुटणार. म्हणून मॅरेजिंग स्टील वापरतात. यात निकेल सुमारे 18 टक्के, कार्बन जवळजवळ नाहीच. ते आधी वळवतात, वेल्डिंग करतात आणि मग भट्टीत तापवून कणखर करतात. एवढं मोठं कवच एकसंध बनत नाही. त्याचे भाग एकमेकांत बसवून आरपार पिना बसवतात आणि फटीत रबरी कडी घालतात. 1986मध्ये ‘चॅलेंजर’ यान अशाच एका सांध्यातली कडी थंडीने ताठरल्यामुळे नष्ट झालं.

सत्तरच्या दशकापासून इस्रोसाठी खासगी कारखान्यांनी केलं ते बहुतांशी जॉब वर्क. ड्रॉइंग आलं, माल बनवला, तपासून दिला, बिल लावलं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्याचं ‘विकास’ इंजिन विक्रोळीला गोदरेजकडे, घन इंधनाच्या मोटारीची कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला. जोडणी आणि जबाबदारी मात्र इस्रोची.

सप्टेंबर 2022मध्ये हे चित्र बदललं. इस्रोच्या कामाची व्यापारी बाजू सांभाळणाऱ्या न्यूस्पेस इंडियाने हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडगोळीला पाच अख्ख्या पीएसएलव्हींचं सुमारे 860 कोटी रुपयांचं कंत्राट दिलं. अख्खं रॉकेट म्हणजे 44 मीटर उंची, 320 टन वजन, आणि घन-द्रव-घन-द्रव असे चार टप्पे. सुटे भाग उत्तम असणं वेगळं आणि ते एकत्र आल्यावर ठरल्या सेकंदाला एकमेकांपासून सुटणं वेगळं. खरी परीक्षा या दुसऱ्या गोष्टीची आहे.

मुंबईतल्या छोट्या कंपन्यांचा रस्ता निराळा. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या ‘मनस्तु स्पेस’ने उपग्रह कक्षेत सरकवणारं छोटं इंजिन केलंय. त्यासाठी हायड्रॅझिन हे विषारी इंधन वापरायची जुनी पद्धत. भरणाऱ्यांना बंद पोशाख चढवावा लागतो. मनस्तुचं इंधन हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं. जखम धुवायला मिळतं तेच हे रसायन, फक्त कितीतरी तीव्र. उत्प्रेरकावरून गेलं की त्याची तापलेली वाफ आणि ऑक्सिजन होतो, आणि त्या झोताने उपग्रह ढकलला जातो. 30 डिसेंबर 2024च्या पीएसएलव्ही-सी60 उड्डाणात वापरून झालेला चौथा टप्पा इस्रोने प्रयोगमंच म्हणून कक्षेत ठेवला, आणि मनस्तुचं ‘व्योम-2यू’ त्यावरच गेलं. टाकाऊ टप्पा नवख्या कंपन्यांना वापरू देण्याची ही युक्ती मला मोठ्या कंत्राटाइतकीच मोलाची वाटते.

मोठ्या कंत्राटाची वेळ मात्र अवघड आली. 18 मे 2025ला पीएसएलव्ही-सी61चा तिसरा टप्पा दगावला. मोटारीतला दाब घसरला आणि ईओएस-09 उपग्रह गेला. जानेवारी 2026मध्ये सी62लाही तिसऱ्याच टप्प्याने दगा दिला. हा टप्पा पोलादी कवचाचा नाही, धाग्यांच्या संमिश्र पदार्थाचा आहे. उद्या कंपन्यांनी बांधलेलं हेच रॉकेट उडणार, ग्राहक त्यावर उपग्रह ठेवणार, विमा कंपनी हप्ता ठरवणार. तेव्हा दोन्ही अपघातांचे चौकशी अहवाल इस्रोने लोकांसमोर ठेवावेत.