काडी आरपार गेली पाहिजे

मार्चमध्ये केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या शिवारात हळदीचा कुकर लागला की वाफेचा उग्र, मातकट वास बांधापर्यंत येतो. कुकर म्हणजे भट्टीवर चढवलेली पाण्याची टाकी आणि तिच्यातली वाफ नळ्यांवाटे पोचते ती पत्र्याची पिंपं. पूर्वी काहिलीत पाणी भरून त्यात हळद उकळत, वर पाला आणि गोणपाट झाकत. त्यापेक्षा वाफेला पाणी कमी लागतं, सरपणही कमी. मराठवाड्यात ही बचत लहान नाही.

पिंपाशी उभा असलेला माणूस एरवी कुणाच्या नजरेत भरत नाही, पण सगळी मदार त्याच्यावर. मे-जूनमध्ये लावून आठ-नऊ महिने ठिबकवर जपलेलं पीक त्याच्या हातात तासाभरात साधतं किंवा बिघडतं. झाकण उघडून तो एक हळकुंड काढतो, त्यात बोथट काडी खुपसतो. "अजून कडक हाय, भाऊ. थांबा जरा." पुन्हा झाकण, पुन्हा वाफ. काडी न अडखळता आरपार गेली की पिंप ताडपत्रीवर उलटं होतं. कच्ची राहिली तर वाळल्यावर हळकुंड ठिसूळ होतं, जास्त शिजली तर रंग मरतो. शिजल्यावर कंदातल्या पिठाची खळ होते, रंग आतवर सारखा पसरतो, कोंब फुटण्याची शक्यता संपते आणि माल एकसारखा वाळतो.

गड्डा, म्हणजे मधला मूळ कंद, जाड असल्यानं त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून गड्डे आणि हळकुंडं वेगळी शिजवायची. ही निवड बायका करतात. माती झाडायची, मुळ्या काढायच्या, गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करायची. उन्हात दिवसभर बसून केलेल्या या कामावरच पुढचं शिजवणं अवलंबून असतं, आणि हळदीच्या भावाच्या चर्चेत या बायकांचा उल्लेखही येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शिजलेल्या मालाला मग दहा-पंधरा दिवस ऊन. रात्री दवानं डाग पडू नयेत म्हणून माल झाकतात. वाळलेलं हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला की ते ढोलात पॉलिशला जातं. पाच क्विंटल ओल्या हळदीची साधारण एक क्विंटल सुकी उरते.

पावसाळ्यात पानांच्या गाभ्यातून हळदीचा फिकट तुरा निघतो. हळदीच्या फुलाला मात्र बी धरत नाही, पुढची लागवड कंदातूनच. म्हणून काढणीतच निरोगी, ठसठशीत गड्डे बेण्यासाठी बाजूला पडतात. ते कुकरजवळ नेत नाहीत. सावलीत ढीग करून वर हळदीचाच पाला घालतात, आणि अक्षय तृतीयेनंतर वाफे तयार झाले की कोंब धरलेले तेवढे निवडून घेतात.