गळू फुटल्यानंतरचे वर्ष

घोड्याच्या खुरात गळू झाले, ते फुटले, पू वाहून गेला आणि जनावर पुन्हा चारही पायांवर भार देऊन उभे राहिले म्हणजे दुखणे संपले, अशी जी समजूत घोडी पाळणाऱ्या लोकांत सर्रास रूढ आहे, ती अर्धीच खरी आहे, हे गेल्या आषाढापासून या आषाढापर्यंत आमच्या कुमाईत घोडीच्या उजव्या पुढच्या खुराची जी शुश्रूषा आम्ही केली, तिच्यावरून माझ्या मनावर कायमचे ठसले. वेदना काही दिवसांत ओसरते. खूर मात्र आपल्या गतीनेच बरा होतो. खुराची भिंत केसांच्या कडेपासून खाली वाढत येते, ती महिन्याला सुमारे सहा ते दहा मिलिमीटर, आणि म्हणून पुढच्या अंगाची संपूर्ण भिंत नवी होण्यास नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंतचा काळ लागतो. टाचेकडची भिंत आखूड असल्यामुळे तिला त्याच्या निम्माच पुरतो. इलाजाची मुदत ठरवताना हा हिशेब कोणी धरत नाही, आणि माझी सारी तक्रार त्याबद्दल आहे.

आमच्या माथेरानात मोटारीला मज्जाव असल्यामुळे माणसांची व सामानाची ने-आण दीर्घकाळ घोड्यांच्या व माणसांच्याच बळावर चालत आली. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद होते, प्रवासी तुरळक होतात आणि पुष्कळशी घोडी खालच्या गावांत उतरवली जातात. जी डोंगरावरच राहतात, त्यांचे खूर तांबड्या चिखलात आणि ओल्या तबेल्यात दिवसचे दिवस भिजत राहतात. भिजलेले खूर नरम होतात, तळव्याची आणि भिंतीची जेथे सांधजोड असते ती पांढरी रेषा फाकते, जांभ्याचा एखादा बारीक खडा तिच्यात शिरतो आणि त्याच्यामागून जंतूही. अन्यत्र कोठे पू झाला तर कातडी फुगून त्याला जागा देते. खुराच्या कठीण पेटीत तशी सोय नसते. म्हणून थोडाच पू असला तरी त्याचा दाब असह्य होतो, आणि काल चालत असलेले जनावर आज पाय टेकायला तयार होत नाही. पाय मोडला की काय, अशी शंका अनुभवी माणसालाही यावी, इतके ते लंगडणे अकस्मात असते. खूर हाताला गरम लागतो आणि घोट्याच्या मागे बोट ठेवले असता नाडी ठणकताना लागते.

आमच्या घोडीच्या बाबतीत पू तळव्याकडून वाट न मिळाल्यामुळे भिंतीच्या आतून वर चढला आणि केसांच्या कडेशी, पुढच्या-बाहेरच्या अंगाला फुटला. खालून आलेल्या पशुवैद्यांनी चिमट्याने तळवा दाबून दुखरी जागा शोधली आणि पांढऱ्या रेषेशी लहानसे छिद्र पाडून उरलेल्या काळ्या, दुर्गंधी पुवाला खाली वाट करून दिली. छिद्र लहानच असावे, असा त्यांचा आग्रह होता. मोठे भगदाड पाडल्यास आतील नाजूक मांस बाहेर डोकावते आणि महिन्याचे दुखणे तिमाहीवर जाते. धनुर्वाताची लस त्यांनी त्याच वेळी टोचली, कारण पाळीव जनावरांमध्ये घोड्याइतके धनुर्वाताला बळी पडणारे दुसरे जनावर नाही, आणि खुराची जखम ही त्या जंतूंना सर्वांत सोयीची.

पहिले काही दिवस कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून खूर शेकणे, त्यावर जवसाचे पोटीस बांधणे, कापसाची गादी आणि पोत्याचे जाड कापड लावून सारे गुंडाळणे, असा क्रम चालला. येथेच बहुतेकांचे पाऊल चुकते. शेकण्याने आराम पडतो, म्हणून ते आठवडेच्या आठवडे चालू ठेवतात आणि ज्या ओलाव्याने रोग आणला त्याच ओलाव्यात खूर मुरवत बसतात. पू वाहणे थांबले की ओले उपचार ताबडतोब बंद करून खूर कोरडा ठेवावयाचा, छिद्रात आयोडिनचा बोळा घालून माती-शेण आत जाऊ द्यावयाचे नाही आणि तळव्यावर नवे कठीण आवरण धरेपर्यंत पट्टी कोरडी राखावयाची, ही ताकीद आम्ही तंतोतंत पाळली. भर श्रावणात कोरडी जागा कोठून आणावी, हा प्रश्न सोपा नव्हता. अखेर तबेल्याचा एक कोपरा फळ्या टाकून उंच केला आणि रोज भाताचा ताजा पेंढा पसरला. उभ्या राहिलेल्या घोडीची चंदी कमी करून गवतावर भर दिला, कारण श्रमाविना पोसलेल्या घोड्याला धान्य बाधते आणि ती बाधा पुष्कळदा खुरांतच उतरते. सगळा भार वाहणाऱ्या डाव्या पायाकडेही रोज पाहावे लागे.

भाद्रपदात ती सरळ चालू लागली, तेव्हा शेजारपाजारच्यांनी दसऱ्यापासून तिला कामाला लावण्याचा सल्ला दिला. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि येथील घरांची वर्षाची मिळकत त्याच हंगामावर उभी असते. या सल्ल्याला लोभ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि नालबंदांनी हातोडीने भिंतीवर हलके ठोकून दाखवले: पू ज्या वाटेने वर चढला होता, त्या पट्ट्यावर आवाज पोकळ येत होता. भिंत आतल्या अस्तरापासून तेथे सुटली होती. ‘ताई, ह्या खिळ्याची जागा औंदा मोकळी ठेवायची,’ एवढेच ते म्हणाले आणि नाल बसवताना त्या बाजूचा खिळा त्यांनी पुढे सरकवून मारला. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आढळतो. पाणी आणि खूर या दोहोंची तजवीज पंचवीस घोड्यांच्या तुकडीतच करणारी ती दृष्टी किती व्यवहारी होती, याची जाणीव मला त्या दिवशी नव्याने झाली. आज नालबंदाचा मुलगा हे काम शिकावयास राजी नसतो आणि एक माणूस कित्येक तबेल्यांना पुरा पडतो. याचे मला मनापासून वाईट वाटते.

केसांच्या कडेशी जे फुटले होते, तेथे एक आडवी चीर राहिली होती. ती महिन्या-महिन्याने खाली सरकत होती. दिवाळीत ती भिंतीच्या मध्यावर आली. तोवर घोडीला मऊ मातीच्या वाटांवर, हलक्या स्वारापुरते काम दिले, फरसबंदीवर नेले नाही. पौषात चिरेच्या वरची नवी भिंत गुळगुळीत आणि घट्ट दिसू लागली. दर सहा आठवड्यांनी नाल काढून खूर कानशीने घासण्याचा शिरस्ता आम्ही मोडला नाही, कारण पुढचा भाग लांबला की सुटलेल्या पट्ट्यावर पावलागणिक ताण येतो आणि चीर वर फाटत जाते. त्याच जागी पुन्हा पू झाला असता, तर आत हाडाला लागण आहे का किंवा भिंतीत गाठ वाढते आहे का, हे पाहण्यास क्ष-किरण चित्र काढावे, असे वैद्यांनी बजावले होते. तशी वेळ आली नाही.

चैत्राच्या अखेरीस चीर जमिनीजवळ पोहोचली आणि वैशाखात भिंतीचा तो तुकडा तुटून पडला. नालबंदांनी कडा घासून काढल्या, पुन्हा ठोकून पाहिले, आवाज भरीव आला. मोकळी ठेवलेली खिळ्याची जागा मात्र त्यांनी तेव्हाही भरली नाही. नवी भिंत नाल पेलण्याइतकी खाली येऊ द्यावी, म्हणून आणखी एक पाळी थांबले. मृगापूर्वी चारही खुरांची नालबंदी झाली, तो खिळा त्या वेळी बसला. तबेल्यातील उंच कोपरा आम्ही मोडलेला नाही. उलट त्याच्या लांबीत दोन घोडी उभी राहतील एवढी भर घातली आहे आणि पावसात संध्याकाळी घोडी परत आली की तिचे खूर कोरून, पुसून मगच तिला आत घेण्याचा नियम घरातील सर्वांना लागू केला आहे.