बॅटरी नवी कोरी, पण ताजी आहे का? पाकिटावरची तारीख का बघायची?

फोन चार-पाच वर्षांचा झाला, चार्जिंग टिकेना, म्हणून तुम्ही नवी बॅटरी टाकली. पाकीट तुमच्यासमोरच फोडलं होतं. तरीही दोन महिन्यांत दुपारीच चार्जर शोधायची वेळ आली. दुकानदाराने फसवलं का? तसं असेलच असं नाही. बॅटरी खरोखर न वापरलेली असू शकते, फक्त ताजी नसते.

न वापरता बॅटरी जुनी कशी होते?

मोबाइल, लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती तयार झाल्या दिवसापासून आत रासायनिक क्रिया हळूहळू सुरूच राहते. त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं आणि क्षमता घटते. कितीही चार्ज केलं तरी ही घट भरून येत नाही.

वेग ठरतो दोन गोष्टींवर: उष्णता आणि चार्जची पातळी. ढोबळ आकडे बघा. ४० टक्के चार्ज असलेली बॅटरी वर्षभर २५ अंशांत ठेवली तर सुमारे ९६ टक्के क्षमता उरते, ४० अंशांत सुमारे ८५ टक्के. पूर्ण चार्ज करून ४० अंशांत ठेवली तर जेमतेम ६५ टक्के!

आता वागळे इस्टेटमधला पत्र्याच्या छताचा एखादा गाळा डोळ्यांसमोर आणा. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली बाहेरपेक्षाही जास्त तापतं. तिथे दोन उन्हाळे काढलेली बॅटरी आणि थंड खोलीत ठेवलेली बॅटरी, दोन्ही पाकिटात सारख्याच दिसतात.

मग पूर्ण रिकामी ठेवली तर?

तेही वाईट. विमानाने सुट्या पाठवल्या जाणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्या २०१६ पासून सुरक्षेसाठी जास्तीत जास्त ३० टक्के चार्ज ठेवून पाठवतात. त्या तशाच वर्षानुवर्षं पडून राहिल्या तर चार्ज धोक्याच्या पातळीखाली जातो आणि आतून कायमचं नुकसान होतं. अशी बॅटरी जबरदस्तीने चार्ज करू नका.

इन्व्हर्टर, यूपीएसचं काय?

त्यांत बहुतेकदा लेड-ॲसिड बॅटरी असते. पडून राहिली की ती आपोआप उतरते, प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. म्हणून गोदामातही दर काही महिन्यांनी तिला चार्ज करावं लागतं. ते झालं नाही तर वीज गेल्यावर ‘नवी’ बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते.

घेताना काय बघाल?

• पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार ते छापावं लागतं.
• बॅटरीवर फक्त कोड असेल तर दुकानदाराला त्याचा अर्थ विचारा. पाकिटावरची आणि बॅटरीवरची तारीख जुळते का, तेही बघा.
• मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली असतील, तर ‘ओरिजिनल’ बॅटरीही तेवढीच जुनी असू शकते.
• १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी मीटर लावून तपासून घ्या. १२.४ किंवा त्याहून कमी दाखवत असेल तर ती उतरलेली आहे.
• फुगलेली बॅटरी घेऊच नका.
• तारखेसह फोटो काढा, पक्कं बिल घ्या. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून मोजतात. बॅटरीचं वय मात्र कारखान्यापासूनच सुरू झालेलं असतं. म्हणून पैसे देण्याआधी पाकीट उलटं करून बघा.