लेझर मशीनचं सेटिंग कुठे लिहून ठेवलंय?



नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी ही आपली पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ आहे. पैशांच्या नोंदीत तर आपण फारच काटेकोर. दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत सचिव ताई कुणाला घरी जाऊ देत नाहीत. पण ज्या गटांनी लेझर कटिंगचं मशीन घेतलंय तिथे गेल्यावर मी विचारते, "तीन एमएमचा एमडीएफ कापायचं तुमचं सेटिंग काय?" तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "ते तिला माहिती, आणि ती आज आली नाही."

एका गटाला हे चांगलंच महागात पडलं. मशीन चालवणाऱ्या मुलीचं वैशाखात लग्न झालं, ती सुरतला गेली. मागे २०० नगांची ऑर्डर होती. तोरणाची पानं आणि वाणाच्या छोट्या करंड्या. उरलेल्या बायकांनी अंदाजाने आकडे टाकले. एकदा पान सुटलंच नाही, एकदा कडा कोळशासारख्या काळ्या झाल्या. मुलीला फोन लावला तर तिला आकडे पाठ नव्हते, ते कॉम्प्युटरमध्ये होते. आणि कॉम्प्युटर मधल्या काळात दुरुस्तीला गेला तेव्हा दुकानदाराने फॉरमॅट केला होता. अख्ख्या तीन शीट वाया गेल्या. मजुरीही हातात आली नाही.

म्हणून या अंकात मशीनच्या सेटिंगची नोंद कशी ठेवायची ते सांगते. ज्यांच्याकडे मशीन नाही, ज्या भुसावळला किंवा जळगावला जाऊन कापून आणतात, त्यांनीही वाचा. दुकानदार भाव सांगतो तेव्हा तो कशाचा भाव सांगतोय हे त्यातून कळेल.

आधी सेटिंग म्हणजे काय ते पाहू. लेझर म्हणजे एका बारीक बिंदूवर एकवटलेला प्रकाश. तो बिंदू इतका तापतो की तिथलं लाकूड जळून वाफ होऊन जातं. मुख्य आकडे दोनच, पॉवर आणि स्पीड. खापरावर मांडा टाकणारीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. जाळ मोठा असेल तर मांडा पटकन उचलायचा, जाळ मंद असेल तर थोडा जास्त वेळ ठेवायचा. पॉवर म्हणजे जाळ. स्पीड म्हणजे तुमचा हात किती लवकर फिरतो ते. मोठा जाळ आणि संथ हात एकत्र आले की करपणारच.

बाकीचे आकडे यानंतर येतात. पास म्हणजे त्याच रेषेवरून किती वेळा जायचं. इंटरव्हल फक्त कोरीवकामात लागतो, म्हणजे दोन ओळींत किती अंतर. १० सेंटिमीटर उंचीचं चित्र ०.१ मिलिमीटर अंतराने कोरलं तर मशीन १००० ओळी मारतं, ०.२ ने कोरलं तर ५००. म्हणजे वेळ जवळपास निम्मा. नावाची पाटी लांबून वाचायची असते, तिला ०.१ ची गरज आहे का, हे एकदा शेजारी शेजारी कोरून बघा. काही मशीनमध्ये मिनिमम पॉवर असा वेगळा आकडाही असतो. कोपऱ्यावर मशीन वळताना हळू होतं, तेव्हा पॉवर त्या आकड्याकडे खाली येते. कोपरे जळत असतील तर तो कमी करा, कोपरेच सुटत नसतील तर थोडा वाढवा.

आता व्हॉट्सॲपवर येणाऱ्या सेटिंगबद्दल. कुणीतरी "पॉवर ६०, स्पीड २०" असं पाठवतं आणि आपण तेच टाकतो. पण ६० म्हणजे ६० टक्के. कशाचे? ४० वॉटच्या नळीचे ६० टक्के म्हणजे साधारण २४ वॉट, ८० वॉटच्या नळीचे ४८. आकडा तोच, जाळ दुप्पट! स्पीडची गफलत तर याहून मोठी. मोठ्या मशीनवर स्पीड बहुधा सेकंदाला मिलिमीटरमध्ये असतो, छोट्या डायोड मशीनवर बऱ्याचदा मिनिटाला. सेकंदाला २० म्हणजे मिनिटाला १२००. जिचं मशीन मिनिटाचा हिशोब धरतं तिने नुसते २० टाकले तर किरण एकाच जागी रेंगाळतो आणि लाकूड पेट घेऊ शकतं. दुसऱ्याचं सेटिंग फार तर सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावं. स्वतःचं सेटिंग स्वतःच्या मशीनवरच काढावं लागतं.

ते काढायला एक तास आणि शीटचा एक कोपरा पुरतो. चार स्पीड आणि चार पॉवर घ्या, उदाहरणार्थ स्पीड १०, १५, २०, २५ आणि पॉवर ४०, ५०, ६०, ७०. अशा १६ जोड्यांचे एकेक सेंटिमीटरचे चौकोन कापा, प्रत्येकाजवळ त्याचे आकडे कोरून घ्या. लाइटबर्न नावाचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात मटेरियल टेस्ट नावाची सोय आहे, ती हे चौकोन आपोआप मांडून देते. मग शीट उचला. जे चौकोन आपसूक खाली पडले त्यातला सगळ्यात कमी जळलेला निवडा. जेमतेम पडलेला नको. शीट थोडी वाकलेली असली की तिथे तो अडणार, म्हणून एक पायरी संथ स्पीड धरा. निवडलेला चौकोनही फेकू नका, त्याला भोक पाडून दोरीत ओवा आणि मशीनजवळ खिळ्याला लटकवा.

आता नोंद. लाइटबर्नमध्ये मटेरियल लायब्ररी नावाची खिडकी असते. आपल्या चित्रातल्या प्रत्येक रंगाला त्यात लेयर म्हणतात आणि प्रत्येक लेयरचं सेटिंग वेगळं. काळा कोरायला, लाल कापायला असं आपल्या गटापुरतं एकदा ठरवून टाका, आणि कोरणं नेहमी आधी. आधी कापलं तर तुकडा हलतो आणि नाव तिरकं येतं. हवं ते सेटिंग लेयरवर जमलं की लायब्ररीत "लेयरवरून नवीन" असं बटण आहे ते दाबायचं. ते मटेरियलचं नाव, जाडी आणि वर्णन विचारतं. भरा आणि शेवटी सेव्ह करा.

पुढच्या वेळी तीच नोंद वापरायचे दोन रस्ते आहेत, असाइन आणि लिंक. असाइन केलं की आकडे चित्रात उतरतात आणि लायब्ररीशी संबंध संपतो, जशी शेजारणीकडून कृती लिहून आणली, नंतर तिने मीठ बदललं तरी आपल्या वहीत जुनंच. लिंक केलं की चित्र त्या नोंदीला बांधलेलं राहतं. लायब्ररीत आकडा बदलला की बांधलेल्या सगळ्या चित्रांत बदलतो. तोरण, करंडी, देवघराची जाळी अशी आपली नेहमीची चित्रं लिंक करून ठेवणं मला जास्त सोयीचं वाटतं. याचं कारण आपल्याकडचा उन्हाळा. ते पुढे सांगते.

सॉफ्टवेअर दुसरं असेल तर बटणांची नावं वेगळी असतील, पण रजिस्टर सगळ्यांना एकच चालतं. २०० पानी वही घ्या. रकाने असे पाडा: तारीख, मटेरियल, मोजलेली जाडी, कुठल्या दुकानातून आणलं, काम कापायचं की कोरायचं, पॉवर, स्पीड, पास, इंटरव्हल, पाण्याचं तापमान, कोणी चाचणी घेतली. "मोजलेली" मुद्दाम लिहिलंय. दुकानात तीनचा म्हणून मिळणारा एमडीएफ व्हर्नियरने मोजला तर बऱ्याचदा २.७ भरतो. हातकागद तर प्रत्येक खेपेला निराळा. प्लायमध्ये आतल्या गोंदाची गाठ आली तर तेवढ्या जागी किरण अडकतो, तिथे सेटिंगचा काही दोष नसतो.

नाव लिहायची पद्धतही सगळ्यांची एकच ठेवा. एकीने "एमडीएफ", दुसरीने "तीनची शीट", तिसरीने नुसतं "लाकूड" लिहिलं तर लायब्ररीत एकाच मालाच्या तीन नोंदी होतात आणि तिन्हींत आकडे वेगळे. कोणती खरी हे कुणालाच सांगता येत नाही.

जे चालत नाही तेही नोंदवा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. निळ्या प्रकाशाच्या डायोड मशीनवर पारदर्शक ॲक्रेलिक कापलं जात नाही, प्रकाश आरपार निघून जातो. काचेच्या नळीच्या मशीनवर तेच ॲक्रेलिक छान कापलं जातं. आणि पीव्हीसी कुठल्याही लेझरवर कापायचं नाही. नाही म्हणजे नाही. रेक्झिन बहुधा पीव्हीसीचंच असतं, दुकानात सनबोर्ड म्हणून मिळणारी फोमशीटही. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड नावाचा आम्लधर्मी वायू निघतो. तो छातीत जातो आणि मशीनच्या लोखंडालाही गंज चढवतो. शंका असेल तर जुनी परीक्षा आहे. अंगणात, मोकळ्या हवेत, तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीचा हिरवा रंग जाईपर्यंत तापवा, त्या गरम तारेने प्लास्टिकला स्पर्श करा आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ते मटेरियल मशीनमध्ये घालू नका. लायब्ररीत त्याच्या नावाने "बंदी" अशी नोंद करून ठेवा, म्हणजे नवीन आलेली मुलगी विचारायच्या आधीच वाचेल.

आता उन्हाळा. काचेच्या नळीतला हा लेझर कार्बन डायऑक्साइड वायूवर चालतो. तो शोधून काढला कुमार पटेल यांनी, १९६४ साली, अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये. त्यांचा जन्म आपल्या बारामतीचा, १९३८ चा, आणि इंजिनिअरिंग त्यांनी पुण्याच्या सरकारी कॉलेजात केलं. या नळीला पाण्याने थंड ठेवावं लागतं. पाणी तापलं की किरणाची ताकद घटते, म्हणजे पडद्यावर ६० टक्के दिसतात पण लाकडापर्यंत तेवढे पोचत नाहीत. आपल्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत बादलीतलं पाणी दुपारपर्यंत हाताला कोमट लागतं. मग जानेवारीत काढलेलं सेटिंग मेमध्ये "बिघडतं".

सेटिंगला हात लावण्याआधी पाणी बघा. ते २५ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. चिलर नसेल तर बर्फाच्या बंद बाटल्या बादलीत सोडा आणि काम पहाटे उरका. पाणी डिस्टिल्ड वापरा, आपल्या बोअरच्या पाण्याने नळीत क्षार धरतात. वीज गेली आणि परत आली की पंप सुरू झालाय का ते आधी पाहा, पाण्याविना नळी क्षणभरही चालवू नका. त्यानंतर लेन्स पुसा, फोकसची उंची मोजा. एवढं करूनही कापलं जात नसेल तरच नवीन चाचणी घ्या, आणि लायब्ररीत जुनी नोंद पुसण्याऐवजी तिच्याखाली "उन्हाळा" म्हणून नवी करा. नळीही जुनी होत जाते, त्यामुळे तारीख नसलेली नोंद वर्षभराने कुचकामी ठरते. सतत ९०–१०० टक्क्यांवर चालवली तर ती आणखी लवकर थकते. आणि मशीन चालू असताना उठून जाऊ नका, चहासुद्धा तिथेच मागवा.

याचा पैशाशी संबंध कसा, ते सांगते. एका नगाला ४ मिनिटं लागत असतील तर १०० नगांना ४०० मिनिटं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं. नीट चाचणी घेऊन तोच नग ३ मिनिटांत निघाला तर ५ तास. एका ऑर्डरमागे १ तास ४० मिनिटं वाचली. सॉफ्टवेअर कापण्याआधी अंदाजे वेळ दाखवतं, तो वेळ रजिस्टरमध्ये लिहा. मग व्यापारी "एवढ्याशा पानाला एवढे पैसे?" म्हणाला तर आपण वही उघडून बोलू शकतो. आत्ता आपण मटेरियलचे पैसे धरतो आणि मशीनचा वेळ फुकट देऊन टाकतो.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथे २००२ पासून फॅब लॅब चालते, अमेरिकेच्या एमआयटी संस्थेशी जोडलेली, आणि खेड्यातली मुलंमुली तिथे अशी मशीनं हाताळतात. ज्यांना "हे आपल्या बायकांचं काम नाही" असं घरी ऐकावं लागतं, त्यांनी पाबळचं नाव सांगावं.

राहिली फाइलची गोष्ट. लायब्ररीची फाइल वेगळी असते, लाइटबर्नमध्ये तिच्या नावाच्या शेवटी सीएलबी येतं. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो ड्राइव्ह गटाच्या पेटीत ठेवा. एक प्रत ग्रामसंघाच्या ईमेलवर पाठवा. कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना हे आधी. आणि मशीन चालवणाऱ्या किमान तिघी तयार करा, त्यातली एक तरी चाळिशीच्या पुढची असू द्या, जी लवकर गाव सोडून जाणार नाही.

प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला मशीनवाल्या गटांनी आपली वही, पेन ड्राइव्ह आणि दोरीत ओवलेले चौकोन सोबत आणावेत. व्हर्नियर मी आणते. सगळ्यांचा "तीनचा" एमडीएफ तिथेच मोजून पाहू.