गीत पुस्तकात जातं कसं?

चर्चच्या गीतांचं पुस्तक नव्यानं काढायचं म्हटलं की समिती बसते. पाळक, एखादा कवी, एखादा गाणारा. ते शब्द तपासतात. शास्त्राला धरून आहे ना, बघतात. पण गिरगावातल्या आमच्या मराठी मंडळीत मी पेटी वाजवते, म्हणून सांगते: गीत अडतं ते चालीवर.

मराठी प्रॉटेस्टंटांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात दोन घराणी एकत्र नांदतात. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले. त्यांच्यासारख्या मिशनऱ्यांमागोमाग आलेल्या गीतांत विलायती चाल आधी, मराठी शब्द मागून. ऱ्हस्व अक्षर नको तिथे ताणावं लागतं, श्वास शब्दाच्या मधोमध तुटतो. दुसरं घराणं कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळकांचं. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, 1919 मध्ये इथेच देह ठेवला. मधल्या काळात त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. परळ-लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाचा कान भजनानं घडलेला असतो. धृपद एकदा म्हटलं की दुसऱ्या खेपेला सगळं चर्च उचलतं. विलायती चालीही मला आवडतात, नाताळात तर हव्यातच. पण मंडळी मोकळ्या गळ्यानं गाते ते अभंगच.

कॅथलिकांत शब्दांवर पहारा जास्त. व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्ये सांगितलं की गीताचे शब्द धर्मशिकवणुकीशी जुळावेत, मुख्यतः बायबल आणि उपासनाविधीतून यावेत. त्याच परिषदेमुळे लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना वाट मिळाली.

कधी एका ओळीपायी गीत जातं. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं 2013 साली नवं पुस्तक काढलं. कीथ गेटी आणि स्टुअर्ट टाऊनेंड यांच्या एका लाडक्या गीतात, वधस्तंभावर देवाचा कोप शमला, अशा अर्थाची ओळ होती. समितीला कोपाच्या जागी प्रेम हवं होतं. कवींनी बदल नाकारला. मतदान झालं, 9 विरुद्ध 6 मतांनी गीत बाहेर! मला समितीचा त्या ओळीला असलेला विरोध पटत नाही, पण मोडतोड करून छापण्यापेक्षा गाळलेलं बरं.

छापलेलं गीत काढणं त्याहून अवघड. म्हाताऱ्यांना गीतं क्रमांकानं पाठ असतात. एक आकडा सरकला की पाळकसाहेबांच्या घरी तक्रार. म्हणून नव्या गीतांना पुरवणी बरी.

तरुण पोरं हल्ली गीत व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि विचारतात, “मावशी, हे पुस्तकात घेता येईल?” मी म्हणते, आधी पट्टी खाली आणा, बायकांना चढत नाही. मग पावसाळाभर गाऊ. पेटी थांबवल्यावरही लोक गात राहिले, तर समितीला कळवू.