उच्चदाब वाहिन्यांमुळे होणारे विद्युत प्रवर्तन

उच्चदाब वाहिनीला समांतर जाणाऱ्या जलवाहिनी, दूरध्वनीची तार किंवा तारेचे कुंपण अशा लांब धातुवस्तूंमध्ये प्रत्यक्ष स्पर्श न होताही विद्युत दाब निर्माण होतो. या क्रियेस विद्युत प्रवर्तन म्हणतात.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात एकतुनी येथे ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र आहे, मनमाडकडून येणाऱ्या लोहमार्गाचे २५ किलोव्होल्टवर विद्युतीकरण झाले आहे आणि शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून लांब पल्ल्याच्या जलवाहिन्यांमधून येते. अशा परिसरात या सेवांचे मार्ग ठरवताना प्रवर्तनाचा विचार अटळ ठरतो.

पारेषण वाहिनीच्या तिन्ही फेजमधील प्रवाह एरवी परस्परांचा परिणाम बहुतांशी पुसून टाकतात. एखादी फेज जमिनीशी जोडली गेली की हा तोल बिघडतो आणि मोठा प्रवाह जमिनीतून परततो. जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर असल्यास ५० हर्ट्झचा हा परतीचा प्रवाह सुमारे ९३० मीटर खोलीवरून जातो असे गणितात मानतात. काळ्या मातीखालच्या कठीण बेसॉल्टची रोधकता याहून बरीच अधिक असू शकते आणि मग प्रवर्तनाचा प्रभाव अधिक दूरवर पोहोचतो. लोहमार्गावरील तार मात्र एकफेजी असल्याने तेथे नित्याच्या वाहतुकीतही प्रवर्तन होते.

जलवाहिनीच्या बाबतीत एक विसंगती आढळते. गंजापासून बचावासाठी पोलादी नळावर चढवलेले आवरण जितके उत्तम, तितका दाब जमिनीत कमी झिरपतो आणि नळावर अधिक साठतो. नळावरील नित्याचा प्रत्यावर्ती दाब १५ व्होल्टपेक्षा कमी ठेवावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यासाठी ठरावीक अंतरावर भूसंपर्कन करतात आणि व्हॉल्व्हभोवती जमिनीत तारांची जाळी पुरतात. दोन्ही वाहिन्यांना एकमेकींना छेदून जायचेच असेल, तर काटकोनात छेद देणे सर्वांत निर्धोक असते.

विद्युत कायदा २००३ मधील कलम १६० नुसार दूरसंचार तारांना प्रवर्तनाने बाधा पोहोचणार नाही याची खबरदारी वीजसंस्थेने घ्यावयाची असते. वाहिनीच्या मार्गाची छाननी विद्युत व दूरसंचार समन्वय समिती करते. दोषकाळातील प्रवर्तित दाबाची मर्यादा सर्वसाधारण वाहिन्यांसाठी ४३० व्होल्ट, तर दोष अत्यल्प वेळात दूर करणाऱ्या वाहिन्यांसाठी ६५० व्होल्ट आहे. या कलमात जलवाहिन्यांचा उल्लेख नाही. त्यामुळे पाणीपुरवठा आणि वीज या दोन्ही यंत्रणांनी आखणीच्या वेळीच एकमेकींना नकाशे दाखवणे इष्ट असते. प्रकाशतंतूंनी तांब्याच्या तारांची जागा घेतल्यापासून खरा धोका जलवाहिनीवर काम करणाऱ्यांनाच अधिक आहे.

दुरुस्तीसाठी नळ कापण्यापूर्वी कापाच्या दोन्ही बाजू जाड केबलने जोडून घेतात. तसे न केल्यास नळ तुटताच दोन टोकांमध्ये दाब उभा राहतो आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी हात लावणाऱ्या कामगाराच्या शरीरातून प्रवाह वाहतो.