दशांश चिन्हानंतरची काच

भिंगांच्या धंद्यात काच नावापेक्षा आकड्यांनी ओळखली जाते. ‘५१७६४२’ म्हटलं की जाणकाराला कळतं, ही बोरोसिलिकेट क्राउन. कॅमेऱ्यापासून दुर्बिणीपर्यंत कुठेही चालणारी. ‘६२०३६४’ म्हणजे शिसं घातलेली जड फ्लिंट. पहिले तीन आकडे अपवर्तनांकाचे, तेही दशांश चिन्हानंतरचे: १.५१७ आणि १.६२०. पुढचे तीन म्हणजे ६४.२ आणि ३६.४. याला आबे अंक म्हणतात. तो जितका मोठा, तितकी ती काच रंगांची फाटाफूट कमी करते.

अपवर्तनांक शाळेतच भेटतो. प्रकाशाचा हवेतला वेग काचेतल्या वेगाच्या किती पट, ते सांगणारी ही संख्या. दहावीच्या पुस्तकात ती दीडच्या आसपास येते आणि खिडकीच्या तावदानाला तेवढी पुरते. भिंगाला पुरत नाही. एकाच काचेत निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वळतो, म्हणून एकट्या भिंगाच्या प्रतिमेला रंगीत कडा येतात. लंडनच्या जॉन डॉलंड यांनी १७५८मध्ये पेटंट घेतलं ते यावरच्या उपायाचं: क्राउनचं बहिर्गोल आणि फ्लिंटचं अंतर्गोल भिंग एकत्र बसवायचं, म्हणजे एकाने पसरवलेले रंग दुसरं गोळा करतं. पण क्राउन काचेत लाल आणि निळ्या प्रकाशाच्या अपवर्तनांकांतला सगळा फरकच जेमतेम ०.००८ असतो. हिशोब त्या फरकावर उभा, त्यामुळे तिसऱ्या दशांशात एकाची चूक झाली तरी जोडी बिघडते.

आणि मोजायचा तरी कुठला लाल? वर्णपटात लाल नारिंगीत कधी मिसळतो, ते बघणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यावर अवलंबून. ही अडचण योझेफ फ्राउनहोफर यांना नडली. म्युनिकमध्ये आरसे बनवणाऱ्या कारागिराकडे शिकाऊ असलेला हा पोरका मुलगा १८०१मध्ये घर कोसळून ढिगाऱ्याखाली सापडला आणि जिवंत निघाला. पुढे बेनेडिक्टबॉयर्नच्या जुन्या मठातल्या काचभट्टीत तो काम करू लागला. वितळलेली काच अग्निरोधक मातीच्या दांड्याने ढवळून एकजीव करण्याची युक्ती तिथे स्विस कारागीर पिएर लुई गिनाँ यांनी आणली होती. काच चांगली निघू लागली, पण ती नेमकी किती चांगली हे सांगायला खूण हवी होती.

दिव्याच्या ज्योतीत एक ठळक पिवळी रेष दिसते, ती फ्राउनहोफर यांनी आधी खूण म्हणून वापरली. मग सूर्यप्रकाशातही ती आहे का, हे त्यांनी पाहिलं. खोलीत अंधार केला, खिडकीच्या झडपेला बारीक फट ठेवली आणि सुमारे २४ फुटांवर कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटवर फ्लिंटचा लोलक बसवला. दुर्बिणीतून पाहिलं तर उजळ रेषेऐवजी वर्णपटभर काळ्या रेषा पसरलेल्या. त्यांनी ५००हून अधिक रेषा नोंदल्या आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. त्या का पडतात, याचा उलगडा व्हायला १८५९ साल आणि किर्खहोफ व बुन्सेन यांची जोडी यावी लागली. फ्राउनहोफर यांच्या दृष्टीने मात्र त्या रेषा म्हणजे वर्णपटावर रोवलेले मैलाचे दगड होते. कुणीही पाहो, ते जागचे हलत नाहीत. सूर्याच्या रसायनशास्त्राचं दार उघडलं, ते असं काच मोजता मोजता.

त्यांच्या मोजणीचं घरगुती रूप महाराष्ट्रातल्या बी.एस्सी.च्या हजारो विद्यार्थ्यांनी हाताळलं आहे. अंधारी खोली, सोडियमचा दिवा, कॉलिमेटरची फट, मधल्या टेबलावर ६० अंशांचा लोलक. दुर्बिणीत पिवळी रेष पकडायची आणि टेबल हळूहळू फिरवायचं. रेष एका बाजूला सरकत जाते, मंदावते, क्षणभर थबकते आणि टेबल त्याच दिशेने फिरत असूनही उलटी परतू लागते. ती थबकते तिथे किमान विचलन. तिथे किरण लोलकातून दोन्ही बाजूंना सारखाच कलून जातो, आणि टेबल किंचित हललं तरी कोन जवळजवळ बदलत नाही. म्हणूनच मोजायला हीच जागा निवडतात. मग समोरासमोरचे दोन्ही व्हर्निअर वाचायचे, कारण कोन वाचायच्या वर्तुळाचं केंद्र जरा सरकलेलं असलं तर एकाची चूक दुसरा खोडतो.

५१७६४२ काचेच्या अशा लोलकाचा किमान विचलन कोन साधारण ३८ अंश ३९ मिनिटं येतो. कोनात एका मिनिटाची चूक झाली की अपवर्तनांकात जवळपास ०.०००२ची चूक. म्हणजे कॉलेजातलं उपकरण चौथ्या दशांशावर दमतं. पाचवा हवा असेल तर कोन काही सेकंदांपर्यंत अचूक हवा, आणि तिथे सोडियमचा दिवाही निकामी ठरतो. त्याची पिवळी रेष एक नसून ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा आहेत, आणि तेवढ्या अंतरात काचेचा अपवर्तनांक पाचव्या दशांशात बदलतो. म्हणून कारखाने हेलियमची ५८७.६ नॅनोमीटरची एकटी रेष घेतात. सहाव्या दशांशाला खोलीच आडवी येते. ही काच एका अंशाने तापली की अपवर्तनांक सहाव्या दशांशात दोन-तीनाने हलतो. हवेचा स्वतःचा अपवर्तनांकही नेमका एक नसून सुमारे १.०००२७ आहे, आणि तो दाबाबरोबर बदलतो. म्हणून मोजणीच्या कागदावर तापमान आणि हवेचा दाब लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

प्रत्येक ओतीसाठी घासून-पुसून लोलक करणं परवडत नाही. रोजच्या कामाला ‘व्ही ब्लॉक’ असतो: अपवर्तनांक ठाऊक असलेल्या काचेत इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच. नमुन्याचे दोन पृष्ठभाग काटकोनात कापायचे, मध्ये जुळत्या अपवर्तनांकाच्या तेलाचा थेंब सोडायचा आणि नमुना खाचेत बसवायचा. तेल पृष्ठभागाचा खडबडीतपणा लपवतं, त्यामुळे पॉलिशचा खर्च वाचतो. बाहेर पडणारा किरण जितका कलतो, त्यावरून नमुन्याचा अपवर्तनांक काढतात.

एर्न्स्ट आबे यांचं रिफ्रॅक्टोमीटर तिसऱ्या वाटेने जातं. प्रकाश ज्या कोनापलीकडे बाहेर न पडता आतच परततो, तो क्रांतिक कोन त्यात वाचायचा. द्राक्षबागेत किंवा साखर कारखान्यात ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, पाहायला डोळ्याला लावतात ते छोटं उपकरण याच तत्त्वावर चालतं. तिथे काचेऐवजी रस असतो, इतकंच.

आबे यांच्या हाती मोजणीचं साधन होतं, पण हवी तशी काच नव्हती. अपवर्तनांक वाढला की रंगांची फाटाफूटही वाढणार, हे जुन्या काचांचं ठरलेलं होतं. १८७९मध्ये ओटो शॉट यांनी लिथियम घातलेल्या काचेबद्दल त्यांना पत्र लिहिलं. ती काच फारशी कामाची निघाली नाही. पण शॉट यांनी वितळवायचं आणि आबे यांनी मोजायचं, ही देवघेव सुरू झाली. बोरॉन, बेरियम, फॉस्फरस अशी मूलद्रव्यं घालून त्यांनी ते जुनं नातं तोडलं आणि १८८४मध्ये येना इथे काचेची प्रयोगशाळा उभी राहिली. १९१४मध्ये युद्ध पेटलं आणि जर्मन काचेवर विसंबलेल्या देशांना दुर्बिणींसाठी धावाधाव करावी लागली. ऑप्टिकल काच हा संरक्षणाचा प्रश्न आहे, हे तेव्हा कळलं. स्वतंत्र भारतात कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली ही काच देशात बनवण्याचं तंत्र उभं केलं, त्यामागेही हीच निकड होती.

सूत्र तेच, कच्चा माल तोच, तरी दोन ओतींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. काच सावकाश निववली तर ती जास्त घट्ट बसते आणि अपवर्तनांक वाढतो. निववण्याचा वेग दसपट बदलला तर चौथ्या दशांशात ठळक फरक पडतो. कारखाने याचाच उपयोग करून घेतात. आकडा थोडा कमी भरला तर काच पुन्हा तापवून अधिक संथ निववतात आणि अपवर्तनांक जागेवर आणतात. तरीही उरतो तो फरक भिंगाच्या आराखड्यात सामावून घेतात. मोठ्या भिंगसंचाचा आराखडा कॅटलॉगमधल्या आकड्यांवर पक्का करत नाहीत. ओतीबरोबर आलेल्या कागदावरचे मोजलेले आकडे घालून हिशोब पुन्हा मांडतात, एखादी वक्रता बदलतात, दोन भिंगांमधलं अंतर केसभर सरकवतात, आणि मगच काच घासायला घेतात.